मुक्कामी डॉक्टर

अमरावतीच्या सरकारी कचेऱ्यांत ‘धारणी’ हे गावाचं नाव कमी आणि शिक्षेचं जास्त. साहेबाची मर्जी फिरली, चौकशी लागली, एखाद्या पुढाऱ्याशी वाजलं, की बदलीच्या आदेशात धारणी नाहीतर चिखलदरा यायचं. मग तो बिचारा परतवाड्याहून घाट चढायचा, रुजू व्हायचा आणि त्याच दिवसापासून खाली उतरायच्या खटपटीला लागायचा. तलाठी, मास्तर, ग्रामसेवक यांच्यासारखे वैद्यकीय अधिकारीही असेच यायचे. शनिवारी खाली गेलेले डॉक्टरसाहेब मंगळवारी उगवायचे, ओपीडी उरकायचे आणि दिवस कलायच्या आत परतवाडा गाठायचे. लेकरू मात्र रात्री फणफणायचं.

एस.टी.ची एक मुक्कामी गाडी असते. रात्री गावात थांबते, पहाटे तिथूनच सुटते, आणि आडगावचे लोक सगळ्या गाड्यांमध्ये तिच्यावरच विसंबतात. धारणी-चिखलदऱ्याच्या मेळघाटातल्या कोरकू आदिवासींना असा मुक्कामी डॉक्टर मिळायला १९८५ साल उजाडावं लागलं. त्याआधी काय होतं आणि त्यानंतर काय झालं, हा वऱ्हाडच्या वैद्यकीचा इतिहास अमरावती-अकोल्यात फारसा कुणी सांगत नाही.

डॉक्टरांच्या गैरहजेरीला नुसती कामचुकारी म्हणून सोडून दिलं तर निम्मी गोष्ट निसटते. १८५३ मध्ये निजामाने थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मेळघाटातल्या सागवानावर सरकारची नजर गेली आणि जंगल राखीव झालं. कोरकू फिरती शेती करायचा, सावा-कुटकी पेरायचा, मोह वेचायचा, शिकार करायचा. ते सगळं हळूहळू गुन्ह्यात जमा झालं. जंगलात राहू दिलं ते वनग्रामातला मजूर म्हणून, लाकूड तोडायला आणि वणवा विझवायला. खाकी कपड्यातला फॉरेस्ट गार्ड हा त्याने पाहिलेला पहिला सरकारी माणूस. डॉक्टर कितीतरी वर्षांनी आला, आणि तोही त्याच रंगाच्या जीपमधून. कोरकूने दोघांत फरक का करावा?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अचलपूर-परतवाडा भागात मिशनरी आले. कोठाऱ्याचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय ही त्या काळाची खूण अजून उभी आहे. त्यांना माणसांचा धर्म बदलायचा होता, यात काही गुपित नव्हतं. पण धर्म बदलायचा तर आधी बोलता आलं पाहिजे, एवढं त्यांना कळलं होतं. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ मध्ये कोरकू भाषेचं व्याकरण छापलं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. ड्रेकच्या व्याकरणाला शतक उलटलं, तरी घाट चढणाऱ्या सरकारी डॉक्टरला ही भाषा शिकवायची रीत काही पडलेली नाही. मराठी येणारा कोरकू पुढे करायचा, तो सांगेल तेवढं ऐकायचं आणि गोळ्यांची पुडी हातात ठेवायची, अशी तपासणी चाललेली असते. बाईच्या अंगावरून जातंय हे तिच्या दिरामार्फत कसं सांगायचं, हा प्रश्न कागदावर कुठेच येत नाही.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. वाघ वाचला पाहिजे यावर वाद नाही. पण जंगलाची आणखी दारं बंद झाली, तीही कोरकूसाठीच. दिवाळीनंतर माणसं कामाला खाली उतरायची, होळीला फगवा खेळायला परत यायची. पावसाळा म्हणजे उपासमारीचे महिने. कणगी रिकामी, रस्ते बंद, घरात ओल. जून ते सप्टेंबर या काळात पोरं मरतात, हे मेळघाटात कुणालाही विचारा, आकड्यांशिवाय सांगेल.

अशा वेळी रवींद्र कोल्हे तिथे पोहोचले. शेगावचा मुलगा, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला. घरात डॉक्टर होणारा तो पहिलाच, त्यामुळे घरच्यांची स्वप्नं काय असतील ते वेगळं सांगायला नको. गांधी-विनोबा वाचले होते. डेव्हिड वर्नरचं ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ हे पुस्तक हाती पडलं. आजाऱ्याला खांद्यावरून वाहून नेणारी माणसं आणि कित्येक मैलांवरचा दवाखाना, असं त्याच्या मुखपृष्ठावरचं चित्र होतं. तशी जागा शोधत ते बैरागडला आले. हरिसालला उतरायचं आणि तिथून चाळीस किलोमीटर पायी.

जाण्याआधी त्यांनी एका जाणत्या डॉक्टरांना विचारलं होतं, की अशा ठिकाणी काय काय यावं लागतं. सोनोग्राफी आणि रक्ताच्या पिशवीविना बाळंतपण, क्ष-किरणाविना न्यूमोनियाचं निदान आणि जुलाबाचा इलाज, या तीन गोष्टी त्यांना सांगितल्या गेल्या. मुंबईत सहा महिने राहून त्यांनी त्या शिकून घेतल्या. तरीही बैरागडला पुरे पडेनात. स्फोटात हात गमावलेला एक माणूस तेरा दिवसांनी त्यांच्याकडे आला आणि त्याच्यासाठी आपल्याला काहीच करता येत नाही, हे त्यांना कळलं. दुसरा असता तर हा अनुभव सांगत शहरात दवाखाना टाकला असता. कोल्हे परत जाऊन एमडी झाले, प्रबंधाला मेळघाटातलं कुपोषणच घेतलं आणि पुन्हा बैरागडला आले.

मग लग्न. मुलीपुढे चार अटी ठेवल्या: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, लग्न पाच रुपयांत नोंदणी पद्धतीने होईल, महिन्याच्या चारशे रुपयांत घर चालवावं लागेल, आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीक मागावी लागेल. चारशे रुपयांचा हिशेब सरळ होता. पहिल्या तपासणीचे दोन रुपये, पुढच्या खेपेचा एक. बऱ्याच मुलींनी नकार दिला, आणि खरं सांगायचं तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. नागपुरात होमिओपॅथीचा चांगला चाललेला व्यवसाय असलेल्या स्मिताताई मात्र हो म्हणाल्या आणि १९८८ मध्ये बैरागडच्या घरात आल्या. बाई असून पुढे होऊन बोलते, बायांच्या हक्काच्या गोष्टी करते, हे गावाला सुरुवातीला रुचलं नाही. त्या डॉक्टरीणबाई होत्या, पण गावच्या नव्हत्या.

त्या गावच्या झाल्या एका आजारपणात. पहिलं बाळंतपण बैरागडलाच करायचं ठरलं, रवींद्र कोल्हे यांनीच ते केलं. मूल जन्मलं आणि आजारी पडलं: मेंदूज्वर, न्यूमोनिया, रक्तात जंतुसंसर्ग. गावकऱ्यांनीच सुचवलं, की आई-बाळाला अकोल्याला घेऊन जा, तिथे चांगली रुग्णालयं आहेत. वऱ्हाडातलं कुणीही हेच करेल. सासर-माहेर कुठलंही असो, जिवावर बेतलं की अकोला किंवा अमरावती. रवींद्र कोल्हे यांनी निर्णय पत्नीवर सोपवला. अकोल्याला गेलो तर पुन्हा या गावाला तोंड दाखवणार नाही, एवढं मात्र ते बोलले होते. स्मिताताईंनी ठरवलं, की गावातल्या इतर लेकरांवर जिथे आणि जसे उपचार होतात, तिथेच आणि तसेच याच्यावरही होतील. बाळ वाचलं.

हा निर्णय बरोबर होता का, असा प्रश्न मनात येतोच. माझ्या मते वैद्यकाच्या कुठल्याही निकषावर तो धोक्याचा होता, आणि असं कर म्हणून कुणालाही सांगता येणार नाही. पण बैरागडने जे पाहिलं ते वेगळं होतं. आजवर येणाऱ्या प्रत्येक साहेबाचं लेकरू खाली शिकत होतं, खाली बरं होत होतं. पहिल्यांदाच एका डॉक्टरचं लेकरू आणि गावाचं लेकरू एका खाटेवर आलं. कोरकू बायांनी त्या घराकडे बघायची नजर बदलली ती तेव्हापासून.

पुढची कामं डॉक्टरकीच्या पुस्तकात नव्हती. पोरं न्यूमोनियाने मरतात, कारण अंगावर कपडा नाही. पोटात अन्न नाही, कारण शेतात पिकत नाही. शेतात पिकत नाही, कारण बैल मेला. हा धागा ओढत कोल्हे गोठ्यापर्यंत गेले. लोकच म्हणायचे, आमच्या ढोरालाही औषध द्या. एका पशुवैद्य मित्राकडून ते जनावरांचं शरीरशास्त्र शिकले, आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून शेतीची माहिती घेतली. शेती स्वतः करून दाखवल्याशिवाय कोण ऐकतो, म्हणून स्वतः शेतीला लागले. रेशनचं दुकानही चालवलं, म्हणजे पावसाळ्यात धान्य गावात असेल. बांधकाम खात्याचे मंत्री एकदा घरी आले, घर पाहून हळहळले आणि चांगलं घर बांधून देऊ म्हणाले. स्मिताताईंनी रस्ते मागितले. सुरुवातीच्या वर्षांत हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास बाळं दगावायची, पुढे हा आकडा साठीच्या खाली आला, असं हे दाम्पत्य सांगतं. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

इकडे १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर पोहोचल्या. पत्रकार शीला बारसे उच्च न्यायालयात गेल्या. मंत्र्यांचे ताफे घाट चढले आणि कुपोषण हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत कायमचा येऊन बसला. सरकारचं म्हणणं असं, की पोरं आजाराने मरतात, भुकेने नाही. ही पळवाट डॉक्टरांनीच कागदावर आणून दिली होती. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहायचं. तो खोटा नसायचा, फक्त अर्धा असायचा. वजन निम्म्यावर आलेल्या पोराला साध्या जुलाबाने मरायला एक रात्र पुरते.

जून १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. आदिवासी भागांसाठी भरारी पथकं, पाडा स्वयंसेवक, दायांच्या बैठका. या योजनेत मला सगळ्यांत शहाणी वाटलेली तरतूद म्हणजे बुडीत मजुरी. कुपोषित पोराला दवाखान्यात ठेवायचं तर आईला तिथे बसावं लागतं, तिची मजुरी जाते, घरी दुसरं पोर उपाशी राहतं, म्हणून ती दोन दिवसांत पोर उचलून पळते. डॉक्टर तिला अडाणी म्हणायचे. सरकारने निदान एका कलमापुरतं मान्य केलं, की ती अडाणी नसून गरीब आहे आणि तिचा हिशेब बरोबर आहे. पैसे वेळेवर मिळाले किती जणींना, हा वेगळा विषय.

खरे आकडे किती, हे सरकारपेक्षा बाहेरच्यांनी आधी मोजलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ या काळात गावातल्या बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. त्यानंतर राज्यभरातल्या तेरा संस्थांनी एकत्र येऊन गावोगाव पोरांचे मृत्यू मोजले. ‘कोवळी पानगळ’ या नावाने अहवाल आला आणि महाराष्ट्रात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास बालमृत्यू होतात, असा अंदाज पुढे आला. सरकारी नोंदी त्याच्या जवळपासही नव्हत्या. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेचे कार्यकर्ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ऐन पावसाळ्यात चिलाटी-हतरूच्या बाजूला धडक मोहिमेसाठी मुक्कामाला यायला लागले. ते डॉक्टर नव्हते, तरी जुलाबाच्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला आणि आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवायला डॉक्टरच लागतो असं नाही.

१९९८च्या सुमारास आशिष सातव धारणीजवळ उतावलीला आले. एमडी मेडिसिन, आजोबा गांधीवादी वसंतराव बोंबटकर, त्यामुळे सेवाग्रामचं वळण घरातलंच. झोपडीवजा जागेत दवाखाना उभा राहिला. पत्नी कविता सातव नेत्रतज्ज्ञ. ‘महान’ ही त्यांची संस्था. सातवांचं वेगळेपण असं, की त्यांनी मोजण्यावर भर दिला. पोरं मरतात हे जगाला कळलं होतं, पण सोळा ते साठ वयाचे कमावते कोरकूही क्षयाने आणि इतर आजारांनी अकाली मरतात, हे त्यांनी घरोघरी नोंदी करून दाखवलं. बाप क्षयाने गेला की पुढच्या पावसाळ्यात पोर कुपोषणाच्या यादीत येतं.

गडचिरोलीची पद्धत त्यांनी नवजात बाळापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वाढवली. प्रत्यक्षात ती अशी चालते. गावातलीच एक बाई, शिक्षण जेमतेम, कोरकूच बोलणारी. ती बाळाचं कुंची-फडकं वर करते, छाती उघडी करते आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त भरले, तर धोका. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, बाळ दूध ओढतंय का, अंग गार लागतंय का, हेही ती पाहते. लागलं तर औषध तिच्याच पिशवीत असतं. क्ष-किरण मशीनची गरज नसलेलं हे निदान दारात, रात्रीच्या वेळी आणि आईच्या भाषेत होतं. या कामाचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मध्ये आले, आणि बालमृत्यू लक्षणीय घटल्याचं त्यात दिसतं.

हे वाचून असं वाटेल, की विज्ञान पोहोचलं आणि गोष्ट संपली. पण मेळघाटात विज्ञानाच्या आधी पोहोचलेला एक माणूस आहे. भूमका. गावाचा पुजारी, देवाचं करणारा, झाडपाला जाणणारा. तो कोरकू बोलतो, मध्यरात्री उठतो, घरच्यांशेजारी बसतो, पैशांचा तगादा लावत नाही, आणि रोगी मेला तर मौतीलाही येतो. मुक्कामी डॉक्टरच्या सगळ्या अटी तो पूर्ण करतो, औषधाची एक सोडून.

याच व्यवस्थेत डंबा आहे. काही जण डम्माही म्हणतात. तान्ह्याचं पोट फुगलं, पोटावर शिरा उमटल्या, रडणं थांबेना, की विळा किंवा सळई तापवून पोटावर चटके द्यायचे. पोट फुगणं हे न्यूमोनियाचं किंवा रक्तात पसरलेल्या संसर्गाचंही लक्षण असू शकतं. म्हणजे धोका ओळखणाऱ्याची नजर अनेकदा बरोबर असते, इलाज जीवघेणा असतो. भाजलेल्या जागेतून आणखी जंतू शिरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाला ६५ चटके दिल्याचं उघडकीस आलं. बाळ अमरावतीला हलवलं गेलं, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आणि दोन दिवस वाहिन्यांवर ‘अघोरी’ हा शब्द वाजत राहिला. चाळीस वर्षं डॉक्टर राबल्यानंतरही हे का होतं, याचं उत्तर शोधायला फारसं कुणी सिमोरीत थांबलं नाही.

भूमकाशी वागायचं कसं, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. एक गट म्हणतो, गुन्हे दाखल करा. दुसरा म्हणतो, त्याला जोडून घ्या. अलीकडच्या काळात अमरावती जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने भूमकांचे मेळावे घेतले, त्यांनी रोगी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणला तर मानधन देऊ केलं. २०२१ मध्ये करोनाच्या लशीबद्दल अफवा पसरल्या, तेव्हाही कोरकूतल्या चित्रफितींबरोबर गावातल्या जाणत्यांचाच आधार घ्यावा लागला. मानधनाची कल्पना वाईट नाही. पण रोगी आणून देण्याचे पैसे घेणारा माणूस हा दलाल झाला, सहकारी झाला नाही. आजवर आरोग्य केंद्रातल्या किती जणांनी भूमकाला विचारलं असेल, की तू या पोरात काय पाहिलंस? डंब्याला मान देण्याचं काहीच कारण नाही, तो थांबलाच पाहिजे. भूमकाच्या डोळ्यांना मात्र मान द्यायला हरकत नव्हती.

जगात इतरत्र डॉक्टरांच्या मूळनिवासींशी वागण्याचा हिशेब शब्दांत मांडला गेला. कॅनडात मूळनिवासींच्या मुलांना घरांपासून तोडून निवासी शाळांत डांबल्याची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतल्या काही थेट वैद्यकीय व्यवसायासाठी होत्या: रोग्याने मागितलं तर पारंपरिक उपचारकांना बरोबर घ्या, मूळनिवासींमधून डॉक्टर-नर्स घडवा, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हा इतिहास शिकवा. ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये आदिवासींची जाहीर माफी मागितली, कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये. माफीने पोर बरं होत नाही, हे खरं. पण चूक आपली होती हे एकदा लिहून दिलं, की पुढच्या डॉक्टरला ‘हे लोकच असे’ म्हणायची सोय राहत नाही.

आपल्याकडे माफीनाम्यांऐवजी प्रतिज्ञापत्रं झाली. डॉ. राजेंद्र बर्मा यांची मेळघाटातल्या कुपोषणाबद्दलची २००७ची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालते आहे. मधल्या काळात कितीतरी आदेश झाले, समित्या झाल्या, सचिव घाट चढून आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयापुढे जूनपासून ६५ अर्भकं दगावल्याचं मांडलं गेलं, तेव्हा न्यायमूर्तींनी संताप व्यक्त केला आणि अशा भागातल्या डॉक्टरांना जास्त पगार का देत नाही, असं विचारलं. प्रश्न रास्त आहे. शिक्षेची बदली ही ख्याती पुसायची तर पैसा लागेलच. हरिसालला २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ‘देशातलं पहिलं’ म्हणत डिजिटल गाव केलं, पडद्यावरून तज्ज्ञ डॉक्टर दाखवायचं ठरलं. कोल्हे ज्या गावातून बैरागडकडे चालू लागले, ते हेच हरिसाल. पडद्यावरचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला मुक्काम करता येत नाही.

अकोल्याच्या वाट्याला या गोष्टीचा वेगळाच भाग आला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली कोहा, कुंड, बोरी ही गावं नव्या शतकाच्या सुरुवातीला उठवून अकोट तालुक्यात आणली गेली. नंतर केलपाणी, धारगड, गुल्लरघाट, अमोना, सोमठाणा, बारुखेडा, नागरतास अशी गावं अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज, प्रौढ मुलाला वेगळा हिशेब. कागदावर आरोग्याच्या दृष्टीने हे वरदान ठरायला हवं होतं. अकोटला रुग्णालय, तासा-दीड तासावर अकोल्याचं सर्वोपचार आणि बायांसाठी लेडी हार्डिंग. घाट नाही, बंद रस्ते नाहीत.

झालं उलटं. सप्टेंबर २०१७ मध्ये ही माणसं पोरं-बाळं घेऊन जंगलात परत गेली. त्यांच्या गाऱ्हाण्यांत जमीन होती, काम होतं, आणि नव्या वसाहतींत माणसं मरताहेत, दवाखाना नाही, ही तक्रार ठळक होती. समजूत काढून त्यांना खाली आणलं. जानेवारी २०१९ मध्ये ती पुन्हा वर गेली, तेव्हा केलपाणीजवळ वनखातं, पोलीस आणि गावकरी यांच्यात चकमक झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. वर्तमानपत्रांनी गोफणी आणि अश्रुधूर यांचं वर्णन केलं.

रुग्णालय जवळ येऊनही माणसं दूर का पळाली, हे कळायला डॉक्टर असायची गरज नाही. मोह, रानभाज्या, मासे, मध हे त्यांचं अर्धं ताट जंगलात राहिलं. पॅकेजचे पैसे मोटारसायकलीत आणि दारूत गेले म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. लाखो रुपये एकदम हाती आलेला आणि जमीन गेलेला वऱ्हाडी शेतकरी काय वेगळं करतो, हे मात्र ते सांगत नाहीत. याच्या उलट उदाहरण घाटाच्या पायथ्याशी आहे. पायविहीर या कोरकू गावाने ‘खोज’ संस्थेच्या साथीने सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड डोंगर हिरवा केला, सीताफळं विकली आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. माझ्या हाती असतं तर पायविहिरीचा वनहक्क मी आरोग्याच्या योजनांत धरला असता.

अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीने २०१८ मध्ये देशाच्या दहा कोटी आदिवासींबद्दल अहवाल दिला. आदिवासींमधूनच आरोग्यसेवक आणि डॉक्टर घडवा, हे त्याचं एक मुख्य सूत्र. वऱ्हाडात त्याची परीक्षा आता होईल. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, अमरावतीत ते २०२४ मध्ये सुरू झालं, शंभर जागांचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार इथे शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची असतात, पदवी होईपर्यंत त्यांच्या घरी जायचं असतं. कॉलेजची बस सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणेल, अशीच गावं सोयीची ठरतात. धारणी अमरावतीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथलं कुटुंब दत्तक घ्यायचं, तर मुलांच्या राहण्याची व्यवस्था आधी करावी लागेल.